बोडीची मधली रेघ

(मे १९५८. कामठ्याजवळची एक बोडी, म्हणजे शेतातले लहान तळे. हातात पेपर आणि खांद्यावर दोर घेऊन केवलराम भावजयीकडे आला आहे.)

केवलराम : शहाऐंशी देश जमले, वयनी, अन् समुद्राच्या हद्दीचे कायदे करून मोकळे झाले. मंग आपली बोडी काऊन नाई वाटाची?

शामकला : हे गेले त्याले पाच सालं झाली, भाऊजी. तवापासून तुमाले वाटनी नाई आठवली. आजच कायले आठवली?

केवलराम : आता कायदा निंगला म्हनून. आयक. ‘दोन देश समोरासमोर असतील, तर दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची मध्यरेषा हीच त्यांची हद्द.’ आपल्या रेघेपर्यंत पान्याखालची जमीन बी ज्याची त्याची.

शामकला : म्हंजे गाळ बी?

केवलराम : गाळ बी, शिंगाडा बी.

शामकला : अन् मधातलं खोल पानी कोनाकडं जाईन?

केवलराम : ते दोर सांगंल.

शामकला : तुमाले आधीच ठाऊक आहे, म्हनून तं हसून राहिले. बाकी बोडी आटली, पानी तेवढंच उरलं. शिंगाड्याचं बी तथीच जगते. ते तुमच्याकडं गेलं, तं आखाडात मी काय लावू? माह्या पोरीले, प्रेमिलाले, काय खाऊ घालू?

केवलराम : कायदा मी नाई केला. धर दोराचं टोक.

शामकला : थांबा. किनारा कोनता धराचा?

केवलराम : किनारा म्हंजे किनारा.

शामकला : माहा तथीच आहे, जथी यायनं दगड रचले. तुमचा दोन उन्हाळ्यात वीस हात फुडं आला. तुमी गाड्यानं माती टाकून राहिले होते, तं मले वाटलं भाऊजी वांगी लावतेत.

केवलराम : वांगीच लावली नं!

शामकला : वांगी लावली अन् रेघ माह्याकडं ढकलली.

केवलराम : लय शंकेखोर आहेस बापा तू.

शामकला : आहे. म्हनूनच पाच सालं टिकली. पेपरावर बोट ठेवून वरचं काऊन झाकलं?

केवलराम : ते बिनकामाचं आहे.

शामकला : बिनकामाचंच वाचा. नाई तं मास्तरकडून वाचून घेईन.

केवलराम : ‘दोन्ही देशांनी हद्द आधी आपसांत बोलून, राजीखुशीने ठरवावी. तसे ठरले नाही, आणि काही खास कारण आड आले नाही, तरच...’

शामकला : थांबले काऊन?

केवलराम : ‘...तरच मध्यरेषा.’

शामकला : आधी आपसांत बोलून. हे गेल्यावर तुमी माह्या दारात पाय नाई ठेवला. प्रेमिला तापानं फणफणून राहिली होती, तवा बी नाई. आज आले, तं दोर घेऊन आले.

केवलराम : ...चुकलंच माहं. आता बोलू नं, वयनी.

शामकला : बोलू. बसा. पन दोर इकडं द्या, माह्याजवर राहील.