आठव्या भागातल्या राणीपायी

माझ्या भावाचं, प्रसादचं, लग्न एका राणीपायी मोडता मोडता राहिलं, हे तुम्हाला सांगितलंच नाही का मी?

वालावलला मुलगी बघायला गेलो होतो. वैदेही तिचं नाव, सावंतवाडीला शाळेत शिकवते. दोघंही जादूगार-राक्षसांची तीच लांबलचक कादंबरीमालिका वाचतात हे कळल्यावर आमची आई खूश! दोघांना पडवीत बोलायला बसवलं. सुरुवात पुस्तकी मराठीत झाली, पण आमचा चहा संपेपर्यंत दोघं मालवणीवर आले.

"राणयेक मारूची काय गरज होती? आठवो भाग फुकट घालवल्यानी!" वैदेहीचा आवाज.

"राणी मेली ता बराच झाला," आमचा प्रसाद. "सगळ्यात बरो भाग तोच!"

मुलीचे वडील कप टाकून बाहेर धावले. "राणी मेली? आत्ता तर मी तिका चारो घालून इलंय!"

राणी म्हणजे त्यांची गाय.

गाय सुखरूप निघाली, पण परतताना प्रसादचं तोंड उतरलेलं. "माका ती आवडली गो," मला हळूच म्हणाला, "पण आता नायच म्हणतली."

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा आईला फोन आला.

"चेडवाक, वैदेहीक, इचारलंय, इतक्या भांडलात, तर नाय म्हणून कळवू? तर माका म्हणता, नाय कित्याक? नववो भाग अजून येवचो आसा. तेव्हा भांडूक कोणतरी होयो मा?"