पाहुण्याचं पाणी

बाजाराच्या दिवशी विहिरीवर रांग लागली होती. मुखवस्त्र डोळ्यांपर्यंत ओढून उभ्या असलेल्या यिद्दर सरदाराला पुढच्या दोन परगावच्या बायांनी ओळखलं नाही.

"ऐकलंस का गं, इत्तो? यिद्दर सरदाराच्या लेकाला ठार मारणारा पळत पळत नेमका त्याच्याच तंबूत शिरला!"

"अगं बाई! तंबू कुणाचा ते तरी बघायचं!"

"मागे खलिफाचे घोडेस्वार लागलेले. समोर तंबूचा खांब दिसला, घातली मिठी."

"खांबाला मिठी घातली म्हणजे पाहुणाच झाला की. आता त्याला कुणाच्या हाती देता येत नाही."

"तर काय! आता स्वार दाराशी बसलेत. म्हणतात, 'तू नुसती मान हलव, सरदार. पुढचं आम्ही बघतो.'"

"आणि त्या लेकाची आई गं?"

"चुलीपाशी बसलीय."

"मी तर देऊन टाकला असता बाई. अल्ला मला माफ करो."

"मीसुद्धा."

इत्तोनं मागे वळून पाहिलं.

"दादा, तुम्ही स्वतः पाण्याला? घरी बाईमाणूस नाही का?"

"आहे ना, बाई," यिद्दर पखाल सोडत म्हणाला. "पण तिला कुठल्या तोंडानं सांगू? पाणी पाहुण्यासाठी आहे."