बोकडाचा कान

माझं माहेर संगमनेरकडचं आनि सासर हे, पुणतांब्याच्या अलीकडं. नाव सुशीला, पन नुसतं चर्चमागची शेळीवाली म्हनलं तरी कुनीबी घर दाखवंल. लग्नात बापानं भांड्यांबरोबर दोन शेळ्या दिल्या हुत्या, पांढऱ्या, संगमनेरी, आनि सांगितलं, पोरी, भांडं चेपतं, शेळी वाढती. तेव्हापासनं शेळ्याच करते. दूध मापल्याबिगर मी भांडं चुलीवर ठेवीत न्हाई, आमच्या आत्याबाई, म्हंजे सासूबाई, म्हनतात, ही बया स्वर्गातबी माप घिऊन जाईल. जाईल की. अंदाजानं बोलनं मला जमतच न्हाई, काय करू.

आमचे मालक सुप्याला कारखान्यात हायेत, सुट्टीला घरी येत्यात. तिकडं रस्त्याच्या कडंला एकाचा शेळ्यांचा मोठा गोठा हुता, परदेशी जातीचे पांढरे बोकड, कान खडे, दुधाच्या जातीचे. मालक म्हनले, तुझी एक शेळी तिथल्या बोकडाला दाखवू. दुधासाठी टेम्पोत घालून शेळीला सुप्याला नेली म्हनून सारं गाव हसलं, जाऊ म्हनली, अगं सुशे, शेळीला सासरी धाडलीस का काय. तिला एक बोकड झाला. सुप्याचा त्यो गोठा पुढं बंद पडला, बोकडं कुठं गेली कुनाला ठाऊक, पन आमचं ते करडू वाढलं, गोरंपान, घाऱ्या डोळ्याचं, पोरांनी नावच ठिवलं, साहेब. मंग माझ्या दुसऱ्या शेळ्यांना त्यालाच दाखवला. त्याच्या लेकी व्याल्या आनि काय सांगू तुमाला, आई लिटरभर द्यायची तिथं लेक दोन लिटरला टेकली. मी तीनदा मापलं. मला वाटलं मापच चुकलं.

मंग जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीन आली, तरनी पोरगी, बोलायला लई गोड. तिनं समजावलं की मावशी, यांची नोंदणी करू, कानाला बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आईचा नंबर, बापाचा नंबर, मग वर्षभर दुधाची मोजणी, आणि संकरित दुधाळ शेळी म्हणून दाखला. दाखला असला की करडं पैदाशीला जातील, लोक लांबून येऊन नेतील, वर सरकारी फार्मवरचा दुधाळ जातीचा बोकडही मिळेल. न्हाईतर आमच्याकडं बोकड झाला की वजनावर खाटकाला. म्हंजे बघा, त्या कागदाचा अर्थ येवढाच की जनावर जगायला विकायचं का मारायला.

समद्यांचे कान टोचले. साहेबाजवळ आली आनि आत्याबाई आडव्या आल्या. नातीचं, म्हंजे माझ्या लेकीचं बाळंतपन अडलं हुतं तवा त्यांनी त्यो बोकड देवाला बोलला हुता, सुगीच्या सनाला चर्चमधी देनार म्हनून. आनि देवाचं जनावर निर्दोष पायजे, लंगडं न्हाई, आंधळं न्हाई, कान फाटका न्हाई, हे आमी लहानपनापासनं ऐकलेलं. डॉक्टरीन हसली, आजी, एवढंसं तर भोक. आत्याबाई म्हनल्या, बाय, पोत्याला येवढंसंच भोक असतं, पीठ समदं सांडतं. मी मालकांना फोन लावला तर ते म्हनले, आईला दुखवू नको, बोकड काय पळून चाललाय व्हय. मलाबी तसंच वाटलं. देवापुढं खोटं जनावर कसं न्यायचं, तुमीच सांगा. डॉक्टरीन म्हनली ठीक आहे, पुढच्या फेरीत बघू.

पुढच्या फेरीआधी सुगीचा सन आला. आमच्यात त्या दिवशी जे आनलेलं असतं, धान्य म्हना, कोंबडी म्हना, भोपळे म्हना, त्याचा प्रार्थनेनंतर चर्चच्या पटांगनात लिलाव हुतो. ज्यानं दिलं त्यानं बोली करायची न्हाई, तोंडानं दिलेलं हातानं परत घ्यायचं न्हाई, अशी रीत हाय. साहेबाला धुतला, गळ्यात झेंडूची माळ घातली, समदे म्हनले असा बोकड आजवर आला न्हाई. सिकंदरभाईनं घेतला. सिकंदरभाई आमच्याकडचाच खाटीक, मानूस सरळ. मला तवा वाईट वाटलं न्हाई, खरं सांगते, लेकी तर गोठ्यात हुत्या, त्यांच्या कानात बिल्ले हुते, मी म्हनलं आपलं काम झालं.

वर्षभर मोजनी झाली. दूध भरलं, एकीचंबी कमी न्हाई. मंग दाखल्यासाठी वरचे अधिकारी आले. आईचा नंबर मिळाला. म्हनले, बाप? मी म्हनलं, साहेब. ते म्हनले, बाई, साहेब मी आहे, बाप कोण ते सांगा. डॉक्टरीन खाली बघाय लागली. मी म्हनलं त्याला बिल्ला न्हाई. ते म्हनले, मग आणा त्याला, आत्ता टोचू, तपासायला रक्त घेऊ. मी म्हनलं देवाला दिला. त्यांनी पेनाला टोपन लावलं. मी म्हनलं समदं गाव सांगंल, चर्च सांगंल, ते बिचारे चिडले न्हाईत, म्हनले, मावशी, गावाच्या साक्षीवर रक्त लिहिता येत नाही. कागदावर लिहिलं, जात न सांगता येनारी, गावठी. मी नगरला जाऊन आले, तिथंबी तेच. पाळकसाहेबांना म्हनलं तुमी लिहून द्या, ते म्हनले, सुशीलाबाई, मानसांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मी देईन, शेळ्यांचा कसा देऊ.

आत्याबाई म्हनल्या, देवाला ठाऊक हाय बाप कोन ते. मी म्हनलं, आत्या, देव सही करीत न्हाई. त्या दिवसापासनं हा विषय घरात निघत न्हाई. आत्याबाई शेळ्यांना चारा घालत्यात, मी धार काढते. भांडन न्हाई. माझी लेक धडधाकट हाय, तिचं लेकरू अंगनात खेळतंय, मंग बोलू तरी काय आनि कुनाला.

परवा सिकंदरभाई साहेबाच्या वंशाची दोन बोकडं न्यायला आला. मागचा पाय धरून एकाला उचललं, पाठीवरनं हात फिरवला, म्हनला, ताई, हे कापायचं जनावर न्हाई, याच्या घरात दूध हाय. मी म्हनलं, दाखला न्हाई, भाई. त्यो म्हनला, आपल्याकडं तर दाखला लागतच न्हाई, आनि काट्याला टांगलं. वजन मी बघितलं. बरोबर हुतं.

फार्मवरचा बोकड दाखला असलेल्यांनाच. घरातला दाखवावा तर भाऊबहीन हुतात. म्हनून आता शेजारच्याचा गावठी बोकड दाखवलाय, काळा हाय, लई मारका. परदेशी रक्त अर्ध्याचं पाव, पावाचं अर्धपाव, हिशोब सोपा हाय, माझ्या डोळ्यादेखत दूध परत लिटरावर येनार. तुमी लिहून घेताय ते घ्या, कुठं विचारता आलं तर विचारा, पन माझ्यासाठी हेलपाटे घालू नका, मी घालून बघितलेत. देव तुमचं बरं करो. उठते आता, धारंची येळ झाली.