आलोच

ताई: परत संपला.

काका: अहो, मी अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं!

ताई: तेच तर म्हणतेय. तुमचं बोट वाटेत असतानाच खेळ आटोपतो. खिडकीत दिवा दिसला का?

काका: काहीतरी पिवळं चमकलं खरं.

ताई: तोच दिवा. तो लागला, विझला, आणि खाली ओळ आली.

काका: ओळ वाचली मी. ती मात्र जागची हलत नाही. 'बाबा आले नाहीत.' सात वेळा हरवलं हो मला पोरीनं.

ताई: तुम्हालाच काय, मलाही हरवलंय. वीस वर्षं झाली, जुनी मशीनं उघडतेय मी, जुने खेळ नव्या मशीनवर चालवून दिलेत, पण असा तापट खेळ पाहिला नव्हता. केवढी होती तुमची लेक हा केला तेव्हा?

काका: बारा. शाळेतून आली की घरातल्या ह्या बोळात, ह्याच टेबलाशी बसायची. ते मशीन भंगारात गेलं, ही फ्लॉपी तेवढी माझ्या नकाशांच्या पेटीत राहून गेली. ती स्वतः गेली त्याला आता दीड वर्ष होईल.

ताई: हो. बोलला होतात पहिल्या दिवशी.

काका: खरं सांगा ताई, रविवारपर्यंत होईल ना? नात सकाळी येणार, आणि संध्याकाळच्या विमानानं जावई तिला घेऊन जाणार. त्याला दूर नोकरी लागलीय. त्याच्या परीनं तो चांगलाच वागतो, पण मी काही आता तिथवर जायचा नाही. तिला सांगून बसलोय, तुझ्या आईनं तुझ्याएवढी असताना केलेला खेळ दाखवीन म्हणून. वर असंही बोलून गेलो की मी तो रोज खेळायचो.

ताई: आणि खेळला होतात किती वेळा?

काका: सांगितलं ना. सात. आत्ता, तुमच्यासमोर.

ताई: ...बरं. इकडे बघा. ह्या लॅपटॉपच्या पोटात मी एक जुनं मशीन उभं केलंय, खोटं-खोटं. प्रोग्रामच आहे तो, पण खेळाला वाटतं आपण आपल्या जुन्या घरी आहोत.

काका: मग घरी येऊन एवढी घाई कसली त्याला?

ताई: त्या काळी मशीनला 'जरा थांब' सांगायची सोपी युक्ती होती. आकडे मोजायला लावायचं. एकपासून दहा हजारांपर्यंत मोज, मग पुढचं काम कर. त्या मशीनला हजार मोजायला सेकंदभर लागायचा. आताची मशीनं डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखभर मोजून मोकळी होतात.

काका: म्हणजे यंत्रं हुशार झाली आणि थांबायचं विसरली म्हणा.

ताई: प्रवचन नंतर, काका. आता वेग अगदी तळाला नेते. बघा, भिंत कशी रेघ-रेघ करत उभी राहतेय. आणि तो सूर ऐका. म्हैस हंबरतेय जशी.

काका: थांबा, थांबा. हा सूर ओळखीचा आहे. आतल्या खोलीत ऐकू यायचा मला. मी ओरडायचो, 'अगं, बंद कर ते पिपाणं!'

ताई: दारात मुलगी आली. दिवा लागला...

काका: विझला.

ताई: हे चमत्कारिक आहे. बाकी सगळं रांगतंय आणि थांबायची वेळ आली की पळतंय. मग दोष वेगाचा नाही. प्रोग्रामच उघडून ओळ न् ओळ वाचायला हवी. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

काका: वाचा की. मला ती इंग्रजी अक्षरं झेपत नाहीत.

ताई: अक्षरं इंग्रजी आहेत, बोलणं मराठीच आहे. आकड्यांच्या शेजारी टिपा लिहून ठेवल्यात तिनं. मशीन त्या वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. ही पहिली. 'बाबा खुर्चीपासून टेबलापर्यंत.' आकडा दहा हजार.

काका: दहा सेकंद!

ताई: घड्याळ लावून मोजले असतील.

काका: मोजलेच होते! आठवलं. मी पाणी प्यायला उठलो तर ही घड्याळ घेऊन पाठीमागे. म्हटलं, काय गं, पाळत ठेवतेस बापावर? नुसती हसली. ...पुढं?

ताई: 'तीन जुलै. बाबा म्हणाले आलोच.' तीस हजार.

काका: हं.

ताई: 'अकरा जुलै. आलोच.' साठ हजार. काका, खेळ समजला मला. दारातली मुलगी हाक मारते. दिवा विझायच्या आत कुणीतरी एक कळ दाबायची. कुठलीही. म्हणजे बाबा आले.

काका: एवढंच?

ताई: एवढंच. दिवा मग विझत नाही. दुसरं बक्षीस नाही ठेवलेलं.

काका: नकाशे असायचे हो हातात. पुलांचे. शाईची रेघ मध्ये सोडली की वाया जाते, मग कागद पहिल्यापासून. मी 'आलोच' म्हणायचो ते काही फसवायला नव्हे. खरंच वाटायचं, ही एवढी रेघ झाली की उठू.

ताई: आमच्या घरीही तोच शब्द चालतो. पाय अजून हललेला नसतो आणि माणूस 'आलोच' म्हणून मोकळा.

काका: झालं का वाचून?

ताई: दोन आहेत अजून. राहू द्या का?

काका: वाचा.

ताई: 'दोन ऑगस्ट. नकाशा मोठा आहे.' एक लाख ऐंशी हजार.

काका: माझी बाजू घेतली बघा तिनं. आईसमोरही अशीच घ्यायची. आणि शेवटची?

ताई: 'एकोणीस ऑगस्ट.' शून्य.

काका: शून्य कसं असेल? पुढचा आकडा पुसला गेला असेल. जुनी फ्लॉपी आहे, तुम्हीच म्हणाला होतात बुरशी धरलीय म्हणून.

ताई: पुसलेलं नाही. तिनं घातलंय. मशीन शेवटचा आकडाच धरतं, म्हणून दिवा लागताच विझतो.

काका: शेजारी काय लिहिलंय? 'आलोच'च ना?

ताई: नाही.

काका: मग?

ताई: 'आज हाक मारली नाही.'

काका: एकोणीस ऑगस्ट.

ताई: पाणी देऊ का, काका?

काका: नको. म्हणजे मशीनचं काहीच बिघडलेलं नाही.

ताई: नाही. पहिल्याच दिवशी खेळ चालू झाला होता. मीच तीन दिवस उगाच वेग कमी-जास्त करत बसले.

काका: आणि मी सकाळ-संध्याकाळ देवापुढे हात जोडून म्हणतोय, देवा, एकदाच चालू दे. तो म्हणत असेल, अरे, चालूच आहे की, बघ ना नीट.

ताई: असं नका बोलू. एका आकड्याचं काम आहे. खोडते शून्य, हवा तो आकडा घालते.

काका: तिच्या फ्लॉपीला हात लावायचा नाही!

ताई: बरं, बरं. प्रत करते, प्रतीत बदलते. मग तर झालं? बोला, किती घालू?

काका: तिनं मोजलेलेच घाला. दहा हजार.

ताई: नात शेजारी बसणार, कळ तीच दाबणार. तिला दहा सेकंद पुष्कळ झाले.

काका: ती नाही दाबणार. तिला ह्या टेबलाशी बसवीन आणि मी आत माझ्या खुर्चीत बसेन. तिनं हाक मारायची, मी उठून यायचं, आणि कळ मी दाबायची. मग तिला खुशाल विमानात बसू दे.

ताई: मग दहा सेकंद कसे पुरतील? दहा सेकंदांत तुमची काठी सापडायची नाही.

काका: तर मोजून घ्या. तिनं घेतले होते तसे. घड्याळ आहे ना त्या फोनमध्ये?

ताई: आहे. पण तो उंबरा बघून या. नाहीतर रविवारी नातीला दवाखान्यात यावं लागेल भेटायला.

काका: बसलो बघा खुर्चीत. मारा हाक.

ताई: काका!

काका: तशी नव्हे. तिच्यासारखी.

ताई: ...बाबा, या ना.

काका: आलो... नाही. काही बोलत नाही. येतो.

(खुर्ची सरकते. काठीचे ठोके, मध्ये एकदा थांबलेले. मग कळ दाबल्याचा आवाज.)

काका: किती झाले?

ताई: चव्वेचाळीस सेकंद.

काका: काठी दाराला अडली मध्ये.

ताई: ते धरूनच सांगतेय. पंचेचाळीस हजार घालते, पाच-दहा हजार वर. रविवारी नक्की पोचाल.

काका: आणि तो मोठा नकाशा होता, ते लाखाचं... तिनं किती वेळ ठेवला होता तो?

ताई: आधी बसा तुम्ही.

काका: सेकंदांत सांगा.

ताई: सेकंदांत नको, काका. तीन मिनिटं.