बाईंचा टॉर्क पाना

माझं गाव जिंतूरच्या पलीकडं, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही, एसटी फाट्यावरच सोडते. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढची शाळा दुसऱ्या गावात, पोरीला एकटीला कोण पाठवणार, म्हणून सुटली ती सुटलीच. लग्न झालं, पोरगी झाली, मग मालकांच्या पाठीचं दुखणं निघालं, ओझ्याचं काम बंद पडलं, तेव्हा ओळखीच्या एका नर्सबाईनं मला इतक्या लांब रत्नागिरीला लावून दिलं, म्हणे एक रिटायर बाई आहेत, एकट्या राहतात, हात मोडलाय, चोवीस तास माणूस पाहिजे. मी पोरीला बहिणीकडं ठेवली आणि आले.

मला वाटलं म्हातारं माणूस, न्हाणीत पाय घसरला असंल. तर कशाचं काय, बाई पडल्या होत्या सायकलवरून. सदुसष्ट वय, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि पहाटे सायकल घेऊन भाट्याच्या पुलाकडं जायच्या. सायकल पण कशी, कार्बनची, त्यांच्या मुलानं मुंबईहून पाठवलेली, मी एका हातानं उचलते. ज्यानं जोडून दिली त्यानं हँडलचे बोल्ट ढिले ठेवलेले, गतिरोधकावर चाक आपटलं आणि हँडल पुढं खाली फिरलं, बाई तोंडावर. दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, फोनवर म्हणाला, आई, आता पुरे, पुन्हा एकदा पडलीस तर घराला कुलूप लावून तुला मुंबईला नेणार. बाई म्हणाल्या, बरं. आणि प्लास्टर निघालं त्याच दिवशी मला म्हणतात, यमुने, चप्पल घाल, आपल्याला पाना आणायचाय.

आता माझं सांगते, मी भित्री. गॅसचं बटन दोनदा बघते, कडी तीनदा. डब्याची झाकणं इतकी आवळते की बाई म्हणायच्या, अगो, लोणचं भरून ठेवलंयस की कैदेत टाकलंयस. आणि त्यांच्या मनगटात जोर नाही, म्हणजे सायकलचे बोल्ट आवळणार कोण, तर मी. माझी झोपच उडाली. ढिलं राहिलं तर बाई पडणार, जास्त आवळलं तर म्हणे कार्बनला तडा जातो, तो दिसतही नाही, आणि एक दिवस कटकन तुटतं. म्हणलं बाई, दुकानात देऊ. त्या म्हणाल्या, दुकानातच दिली होती की गो.

रामआळीच्या अंगाला एक हत्यारांचं दुकान आहे. दुकानदारानं आधी माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं, आणि हातभर लांबीचा एक पाना काउंटरवर ठेवला, हा घ्या काकू, टेम्पोची चाकं आवळतात ह्याच्यानं, नातवंडांना पुरेल. मला तो लई आवडला, वजनदार, म्हणलं ह्यानं काय ढिलं राहतंय. बाईंनी चष्मा लावून त्याच्यावरचे, किती जोरानं आवळायचं त्याचे आकडे वाचले आणि म्हणाल्या, हा चाळीसपासून सुरू होतो हो, मला हवंय पाच. माणसाचा ताप बघायला भट्टीचा थर्मामीटर लावू काय? दुकानदार हसला, पण मग आतून छोटा काढला, वीतभर लांबीचा, दोनपासून चौदापर्यंतचा. टॉर्क पाना म्हणतात त्याला, लावलेला आकडा आला की टक् असा आवाज करणारा. बाईंनी तो माझ्या हातात दिला, म्हणाल्या, धरून बघ, तुला पेलला पाहिजे. तुला, म्हणाल्या. मला आजवर कुणी हत्यार निवडायला सांगितलं नव्हतं, विळी पण सासूनं निवडलेली.

मग पान्याला लावायची टोकं. बाईंनी बटव्यातून सायकलचेच तीन मापांचे बोल्ट काढले, घरून सोडवून आणलेले. चार, पाच, सहा असली षटकोनी टोकं ज्याच्या त्याच्या खाचेत घालायच्या आणि हलवून बघायच्या. एक संच चकचकीत आणि स्वस्त, पण टोक खाचेत खुळखुळलं. हे बोल्टची खाच गोल करून टाकील, म्हणाल्या, परत ठेवा. दुसरं बसलं ते असं बसलं की बोल्ट खाली धरला तरी सुटेना. एक चांदणीच्या आकाराचं टोक घेतलं, पंचवीस नंबरचं, ते ब्रेकच्या चकतीला लागतं. दुकानदार म्हणाला, काकू, तुम्ही मुलगी बघायला आल्यासारखं बघताय. बाई म्हणाल्या, मुलीला एवढं बघू नये, टोकाला बघावं.

घरी पडवीत सायकल उभी केली. हँडल धरून ठेवणाऱ्या पट्टीवर पाचचा आकडा छापलेलाच होता. चार बोल्ट, एक वरचा, मग समोरचा तिरपा खालचा, थोडं थोडं, सगळीकडं सारखं. टक् झालं. एवढंच? दोन बोटांचा जोर पण लागला नाही. मी आणखी दाबायला गेले तर बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला, नको गो, आवाज आला की हात काढायचा. म्हणलं बाई, एवढ्यानं राहील का. त्या म्हणाल्या, माझ्यावर नको, पट्टीवरच्या आकड्यावर विश्वास ठेव, आणि मग तपासून बघ. मी ब्रेकच्या मुठींवर सगळं अंग टाकलं, दोन्ही पाय उचलले. हललं नाही. काम झाल्यावर बाईंनी पाना खालच्या आकड्यावर आणून ठेवायला शिकवलं, आतल्या स्प्रिंगला ताण नको म्हणून, आणि टोकांना तेलाचा हात, कारण इथल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.

दुसऱ्या पहाटे बाई गेल्या. मी फाटकात उभी, चूल नाही की पाणी नाही. उजाडलं, पेपरवाला आला, आणि बाई चढावरून सायकल हातात धरून चालत येताना दिसल्या, म्हणलं झालं, पडल्या. जवळ आल्या तर म्हणतात, काही नाही गो, चढ चढवेना, दम गेलाय माझा, सायकल मजेत आहे.

दिवाळीत दादा आला. बॅग ठेवली आणि सरळ पडवीत. पाना मागितला, पाचवर लावला, एकेक बोल्ट तपासला, टक्, टक्, बोल्ट जागचा हलला नाही. मी दाराआड. मग पाना खाली ठेवून आईला म्हणाला, सकाळी किती वाजता निघतेस, मला पण उठव. मुंबईचं नाव काढलं नाही त्यानं.

रोज संध्याकाळी बाई फोनवर माझ्या पोरीला अपूर्णांक शिकवतात, मी भाजी निवडत ऐकते, मला पण थोडे यायला लागलेत. भीती काही जायची नाही माझी, ती जन्माचीच आहे. पहाटे बाई उताराला वळेपर्यंत मी बघत राहते आणि मनात म्हणते, देवा, ह्यांच्या पायातलं बळ असंच राहू दे, चढाला सुद्धा.