जिना म्हणजे संघर्ष

…आणि जिना म्हणजे संघर्ष! घ्या! याही उत्तरपत्रिकेत तेच! तुम्हाला सांगतो, गठ्ठा सोडला की पहिल्या पानावर दिवा म्हणजे आशा, दुसऱ्या पानावर समुद्र म्हणजे जीवन, आणि पान उलटतोय न उलटतोय तोच जिना म्हणजे संघर्ष. अक्षर बदलतं, शाई बदलते, क्रमांक बदलतो, जिना काही हलत नाही! मी प्रत्येकाचा अर्धा गुण कापतो. जिन्याचा. आशेचा नाही कापत, जीवनाचा नाही कापत, म्हटलं कोवळी मुलं आहेत, आशा आणि जीवन त्यांच्याकडे राहू दे. पण जिना? अहो, जिना म्हणजे वर जायची सोय! दीपगृह आहे ते. दिवा वर, माणूस खाली, मग मधे जिना नको? लेखकानं काय दोर सोडायचा होता?… म्हणजे मला आपलं असं वाटतं हं. चुकतही असेन. हल्ली कशाचीच खात्री वाटत नाही, घराला कुलूप लावून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघतो.

कादंबरी तुम्हाला ठाऊक असेलच. दीपगृहाच्या रखवालदाराची, जुनी, अभिजात वगैरे. तुम्ही शाळेत वाचली असेल… वाचली नसेल, पण तिच्यावर निबंध नक्की लिहिला असेल! दोनच माणसं आहेत हो तिच्यात. रखवालदार आणि त्याची बायको. तो बोलत नाही. संध्याकाळी वर जातो, दिवा लावतो, सकाळी खाली येतो, जेवतो, झोपतो. शेवटच्या प्रकरणात बायको सामान बांधते, दारात उभी राहते आणि म्हणते, "मी निघाले." आणि हा काय करतो? फडकं घेतो, जिना चढतो आणि दिव्याची काच पुसत बसतो! खाली होडी सुटते. हा काच पुसतोय. संपली कादंबरी. आता या काच पुसण्यावर पिढ्यानपिढ्या प्रश्न येतोय, "रखवालदाराच्या मौनाची मीमांसा करा." गुण दहा.

आणि या मौनावर, तुम्हाला सांगतो, अभिमान म्हणून नाही सांगत, माझा प्रबंध आहे. चारशे पानं. हसलात ना? सगळेच हसतात. मौनावर चारशे पानं! माझं म्हणणं असं की रखवालदाराचं मौन तात्त्विक आहे. शब्दांचं अपुरेपण त्याला उमगलंय. त्याला बोलता येत नाही असं नव्हे, तो बोलण्याच्या पलीकडे गेलाय. वा! तेव्हा काय टाळ्या पडल्या होत्या! म्हणून तर निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी तपासणीला मला बोलावतात, म्हणतात सर तुम्ही नुसते बसा, शोभा येते. मी बसतो. लांबच लांब टेबलं, वर घरघरणारे पंखे, कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यांवर ठेवलेली चपट्या दगडांची ओळ, आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाई सपासप पानं उलटत मला विचारतात, "अय्या सर, तुम्ही अजून पूर्ण वाचता?" जसं काही मी अजून चुलीवर स्वयंपाक करतो!

आता घरचं ऐका. म्हणजे विषयांतर वाटेल, पण नाहीये, एवढं एक मला खात्रीनं ठाऊक आहे. आमची मुलगी दूर असते, समुद्राकाठच्या शहरात, तिच्या खिडकीतून म्हणे पाणी दिसतं. मध्यंतरी हिनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, जेवताना शांतपणे सांगितलं, "मी लेकीकडे जाते. राहायला. परत यायचं की नाही ते तिकडे गेल्यावर ठरवीन." मी म्हटलं, "का गं?" तर म्हणे, "तुम्ही माझ्याशी बोलत नाही." आता माझी जन्माची सवय! तोंडातून गेलं, "उदाहरण दे."

तिनं दिली! अहो, तिनं उदाहरणं दिली! क्रमवार, प्रकरणनिहाय, संदर्भासहित! मुलीची पाठवणी केली त्या दिवशी मी काय बोललो नाही, हिची आई गेली तेव्हा काय बोललो नाही, निवृत्त झालो त्या संध्याकाळी ती दोन कप चहा करून गॅलरीत बसली होती आणि मी आत जाऊन पुस्तकांवरची धूळ झटकत होतो… मी ऐकतोय आणि मनात म्हणतोय, काय मुद्देसूद मांडणी आहे, विद्यार्थ्यांना दाखवावी! मग तिनं विचारलं, "तुम्ही येताय का माझ्याबरोबर?" मी म्हटलं, "या प्रश्नाचे दोन भाग आहेत." मग मी चष्मा काढला, पुसला, आणि म्हटलं, "बघू."

"बघा," ती म्हणाली, आणि ताटं उचलली.

आता तुम्ही म्हणाल, साधं "येतो" म्हणायला काय झालं होतं? तेच तर! मला वाटलं माझंही मौन… तात्त्विक आहे.

तर दुसऱ्या दिवशी तपासणीला बसलोय, दिवा आशा, समुद्र जीवन, जिना संघर्ष, अर्धा गुण कापला, दिवा आशा, समुद्र जीवन, जिना संघर्ष, कापला, आणि एकदम एक उत्तरपत्रिका आली… अक्षर असं की कोंबडी पळालीय पानावरून. नाव नसतं, नुसता क्रमांक. त्यात दिवाच नाही! समुद्र नाही! जिन्याचा पत्ता नाही! सरळ सुरुवात, "रखवालदार घाबरला होता."

मी थबकलो. पुढे वाचतो तर लिहिलंय, "तिनं नाही म्हटलं तर काय, या भीतीनं त्यानं तिला थांब म्हटलं नाही. माझे बाबा असेच आहेत. आई रागावली की ते स्कूटर पुसतात. रागावून बोलायची थांबली की दोनदा पुसतात. आमची स्कूटर फार स्वच्छ असते. मला वाटतं दीपगृहाची काचही फार स्वच्छ असणार, आणि बोटींना त्याचा उपयोग होत असणार, पण त्याच्या बायकोला नाही." एवढंच. अर्धं पान. खाली जागा कोरी.

तुम्हाला सांगतो, माझा हात चष्म्याकडे गेला. काढला, रुमाल घेतला, पुसायला लागलो… आणि एकदम लक्षात आलं, अरे मी काय करतोय!

अहो, चारशे पानं! चारशे पानं लिहिली मी, त्या काळी तीन ग्रंथालयांत बसून, आणि हे पोर अर्ध्या पानात सांगून मोकळं! आणि खरं असेल तर? नाही, असेलच असं नाही, पण असलं तर? मग तो माणूस कुठे पलीकडे वगैरे गेलाच नव्हता, जिथे होता तिथेच होता, घाबरून, फडकं हातात घेऊन! आणि मी?

मी दहापैकी आठ दिले. मग वाटलं जास्त झाले, सहा केले. मग वाटलं, बापरे, हा भेकडपणा झाला, नऊ केले! आता खाडाखोड झाली म्हटल्यावर मुख्य परीक्षक आलाच. हा माझाच विद्यार्थी, आता पार टक्कल पडलंय बिचाऱ्याचं. त्याला सगळे अर्धेसाहेब म्हणतात, कारण त्यानं आयुष्यात कुणाला पूर्ण गुण दिलेला नाही. त्यानं उत्तरसूची काढली, बोट लावलं, आणि असा हळू आवाजात, जसं नातेवाइकाला वाईट बातमी सांगावी तसा म्हणतो, "सर, यात प्रतीकं कुठायत? प्रतीकांना दोन गुण आहेत."

मी म्हटलं, "स्कूटर!"

"सर, स्कूटर कादंबरीत नाहीये."

"पण खरी आहे!"

"सर, खऱ्याला गुण नाहीयेत." हे तो थट्टेनं नाही हो बोलला, सूचीत बघून बोलला! "आणि सर, मौनाच्या कारणापुढे इथे 'तात्त्विक' असं दिलंय. तुमच्याच प्रबंधावरून घेतलंय आम्ही. हा विद्यार्थी तर चक्क घाबरला म्हणतोय."

आणि मग, कसं झालं मला ठाऊक नाही, आयुष्यात मी वर्गाबाहेर कधी आवाज चढवला नाही, मी उभा राहिलो आणि ओरडलो, "घाबरलाच होता तो!"

पंखे सोडून सगळं थांबलं. शेजारच्या बाईंचं पान अर्धवट उलटलेलं राहिलं. अर्धेसाहेबानं माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली आणि विचारलं, "सर… कोण घाबरलं होतं?"

मी खुर्चीत बसलो. नंतर बाजूला बसून त्यानं पुष्कळ विचार केला, मानेवरून हात फिरवला आणि साडेसहा दिले. त्याच्या हातून साडेसहा म्हणजे, तुम्हाला सांगतो, त्या माणसानं हृदय काढून ठेवलं. वर मला म्हणाला, "सर, घरी जा. आज लवकर जा."

गेलो. वाटेभर वाक्य घोकत होतो. सोपं वाक्य, तीन शब्दांचं, मला यायचं आहे. फाटकापाशी आलो तोवर त्याला तळटीप लागली होती, जिन्यापर्यंत दोन पोटवाक्यं, आणि दार उघडून आत जातो तर ही पलंगावर बॅग उघडून साड्या लावतेय. मी दारात उभा. तोंड उघडलं. बंद केलं. हात गेला चष्म्याकडे.

ती न बघता म्हणाली, "पुसून झाला की सांगा."

तुम्हाला सांगतो, मी तो चष्मा खिशात ठेवला. पुसला नाही. समोर सगळं धूसर, ही धूसर, बॅग धूसर, आणि त्या धूसर आकाराला मी म्हटलं, "मला भीती वाटते गं."

"कशाची?"

"मी येतो म्हणालो आणि तू नको म्हणालीस तर, त्याची."

तो धूसर आकार माझ्याकडे वळला. मग ती म्हणाली, "उदाहरण द्या."

आणि मला एकही देता येईना! अहो, इतक्या वर्षांच्या संसारात ती मला कधी, कशालाच, नको म्हणाली नव्हती! एक उदाहरण नाही! चारशे पानं लिहिणारा माणूस, संदर्भ म्हणून द्यायला एक ओळ नाही! मी उभा, रिकाम्या हातानं, चष्मा खिशात… आणि ती जवळ आली, म्हणजे आकार मोठा झाला, आणि माझ्या खिशातून चष्मा काढून तिनंच माझ्या डोळ्यांवर चढवला. तिचे डोळे लाल होते. ते मला चष्म्याशिवाय कसे दिसणार होते, सांगा!

"बॅग तुमची तुम्ही भरायची," ती म्हणाली. "मी भरणार नाही."

भरली. चार शर्ट, औषधं, मफलर, आणि वर प्रबंध ठेवला. तिनं तो काढला, हातात तोलून बघितला, कपाटावर ठेवला. "याचं ओझं कोण उचलणार?" म्हणे. "तिकडे बोलायचंय आपल्याला."

बरं, इथवर सगळं ठीक. आता निघायचा दिवस! पाचवा मजला. लिफ्ट बंद! दारावर पाटी लावलीय, काम चालू आहे, आणि काम कुठे चालू दिसत नाही. जिन्यातला दिवा गेलेला. ही मोबाईलचा टॉर्च लावून पुढे, हातात एक पिशवी, आणि मी मागे, एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात माझी, गुडघे असे वाजतायत की खालच्या मजल्यावर कुणी दार उघडून बघावं, आणि मी पायरीगणिक थांबतोय, आणि खालून तिचा आवाज येतोय, "येताय ना हो?"

"येतोय!" मी म्हटलं. लगेच म्हटलं! एका दमात, तळटीप नाही!

आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, तुम्हाला सांगतो, बॅगा खाली ठेवून कठड्याला धरून उभा राहिलो, छाती भात्यासारखी चालतेय, पुढे अंधारात तिचा तो एवढासा उजेड थांबलाय, माझी वाट बघतोय… आणि मला ती सगळी पोरं आठवली. गठ्ठेच्या गठ्ठे! प्रत्येकाचा अर्धा गुण! अहो, बरोबर लिहीत होती हो ती! अर्धेसाहेबाला तिथूनच फोन लावला, म्हटलं, अरे, त्या जिन्याचे कापलेले गुण परत देता येतील का? तर म्हणतो, सर, निकालाची छपाई सुरू झाली.

काय करणार! बॅगा उचलल्या. जिना म्हणजे संघर्ष, मान्य. दिवा म्हणजे आशा, तोही पुढे चाललाय, हळूच म्हणतोय, "सांभाळून हो, इथे पायरी तुटलीय." राहिला समुद्र. तो तिकडे गेल्यावर खिडकीतून दिसेल म्हणतात… बघू.