खिडकीची खोली आणि उगवती सत्ता

...आणि खिडकी गेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो. तुम्हाला सांगतो, आमच्या आंतरराष्ट्रीय संबंध विभागात खिडकी असलेली खोली एकच, आणि तिच्यात बसून मी आयुष्यभर जगाला एकच गोष्ट शिकवली... नवी सत्ता उगवली की जुनीनं गुमान सरकून जागा द्यावी, नाहीतर युद्ध अटळ. पुस्तक आहे माझं त्यावर, उशाला घेता येईल एवढं जाड.

आता मला काय माहीत, नवी सत्ता माझ्याच दारात उगवणार आहे? माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी, परवा नोकरीला लागली काय, तिच्या एका लेखाचा जगभर गवगवा झाला काय, रोज कॅमेरेवाले हजर. आली एक दिवस, हातात माझंच पुस्तक. "सर, चौथं प्रकरण फार पटलं." मी फुगलो. "मुलाखतींना उजेड लागतो, सर... ही खोली मिळेल?"

चौथं प्रकरण म्हणजे तेच. जागा द्यावी लागते, लिहिलंय मीच.

पण अशी सुखासुखी देतो होय? मावळत्या सत्ता जे जे करतात ते सगळं केलं. आधी म्हटलं, चर्चा करू. मग म्हटलं, समिती नेमू. मग म्हटलं, ही जबाबदारी पेलण्याइतकी तू अजून परिपक्व नाहीस... आता खिडकी उघडायला कसली आलीय परिपक्वता? शेवटी विभागप्रमुखांकडे गेलो. ते आमचे कसे, ज्याचं पारडं जड त्याच्याकडे बघून हसणारे. "अहो, शांततेनं सत्तांतर! किती सुंदर लिहिलंय तुम्ही." त्यांनी वाचलं नव्हतं हो, तिनं पानात खूण घालून दिली होती.

घरी आलो. म्हटलं, बायको तरी आपल्या बाजूनं उभी राहील. ही भाजी निवडता निवडता म्हणते, "कपाटातला एक कप्पा मागून मागून माझे केस पिकले, तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं चौथं प्रकरण?" घ्या. मित्रराष्ट्रही गेलं. जागा द्यावी लागते, लिहिलंय मीच...

आता बसतो जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. काल ती आली, म्हणाली, "सर, दुपारी वर येऊन बसत जा, ऊन छान येतं." खरं सांगतो, गलबलून आलं. इतकी चांगली वागते की भांडायचीही सोय ठेवली नाही.

आणि जगाचं म्हणाल, तर तिथं अजून कुणी कुणाला इंचभर सरकून जागा दिलेली नाही. अख्ख्या पृथ्वीतलावर माझा सिद्धान्त पाळणारा एकच निघाला... तो जिन्याखाली बसतो.